आरोग्य केंद्राची पायरी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणिसांनी यंदाच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस केली, तेव्हा विषयाची निवड त्यांनी आमच्यावरच सोपविली. ज्ञातीचा इतिहास, आपली कुलदैवते, आपल्यांतील कर्तबगार स्त्रीपुरुषांची चरित्रे, हे विषय या व्यासपीठावरून आपण पुष्कळ वेळा ऐकले आहेत, आणि ते पुन्हापुन्हा ऐकावेत असेच आहेत. आम्ही आज जो विषय घेतला आहे तो त्यांच्या मानाने रुक्ष वाटेल. आपल्या रायगड जिल्ह्याचे सार्वजनिक आरोग्य खाते, त्याचे काम, आणि त्या कामाशी तुमचाआमचा संबंध, हा तो विषय होय.

ज्ञातीच्या मेळाव्यात सरकारी खात्याची कथा कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण मंडळाच्या दप्तरातच आहे. वैद्यकीय साहाय्य निधीसाठी येणारे अर्ज पाहण्याचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. हे अर्ज वाचताना एक गोष्ट वारंवार नजरेस येते. अर्जाला जोडलेली बिले असतात ती मुंबई-पनवेलच्या मोठ्या रुग्णालयांची, आणि अर्जातील हकिगत असते ती गावातील पहिल्या दिवसाची. 'आरंभी घरगुती उपाय केले', 'दोन दिवस ताप अंगावर काढला', 'गावातील जाणत्यास दाखविले', 'रात्री गाडी मिळाली नाही'. दुखणे हाताबाहेर गेले ते पहिल्या दिवशी, आणि पैसा लागला तो दहाव्या दिवशी. आपला निधी सगळा या दहाव्या दिवसाच्या कामी येतो. पहिल्या दिवसासाठी आपण काय करतो, हा प्रश्न आम्हांस बरेच दिवस अस्वस्थ करीत आहे. तोच आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

या प्रश्नाचे मूळ आमच्या घरच्याच एका घटनेत आहे. ती प्रथम सांगतो.

सन १९६८ चा वैशाख. आमचे गाव महाड तालुक्यात, सावित्रीच्या खाडीकाठी. आमचे वय तेव्हा दहा वर्षांचे. पावसाळ्याच्या बेगमीसाठी मागील पडवीत लाकडे रचण्याचे काम चालले होते. थोरल्या चुलत्यांचा मुलगा, वय वर्षे चौदा, लाकडे उचलून देत असता त्याच्या बोटाला लाल विंचू डसला. कोकणात विंचवाचे कोणाला नवल? वाडीतील भगताला बोलावणे गेले. त्याने राख लावली, मंत्र म्हटले, हातावरून निंबाची डहाळी फिरविली. 'कोपरापर्यंत उतरला', 'मनगटापर्यंत उतरला', असे तो सांगत गेला, आणि खरोखरच मुलाच्या वेदना कमी झाल्या. नारळ फुटला. सर्वांना हायसे वाटले.

दिवस कलल्यावर मुलाला वांत्या होऊ लागल्या. सदरा घामाने भिजून अंगास चिकटला, आणि हातपाय विहिरीच्या पाण्यासारखे गार पडले. दृष्ट लागली असेल म्हणून मीठमोहऱ्या ओवाळल्या. डॉक्टर होते खाडीपलीकडे. चुलते मुलाला खांद्यावर घेऊन धक्क्यावर गेले तेव्हा ओहोटी लागलेली होती आणि होडी चिखलात रुतून बसली होती. भरतीची वाट पाहत मंडळी धक्क्यावर बसली. मुलाला धाप लागली, तोंडाला फेस आला. पाणी चढले तेव्हा त्याला पलीकडे नेण्याचे काही कारण उरले नव्हते.

चुलती पुढे पुष्कळ वर्षे जगली. कोणी त्या दिवसाचा विषय काढला की ती एवढेच म्हणे, "उतरला होता हो विंचू."

बंधुभगिनींनो, विंचू उतरला असता मुलगा दगावला कसा, या प्रश्नाचे उत्तर त्या काळी आमच्या घरात कोणापाशी नव्हते. ते उत्तर पुढे सापडले, आणि विशेष हे की ते आपल्याच तालुक्यातील एका लहानशा प्राथमिक आरोग्य केंद्रात सापडले. परंतु ती कथा सांगण्यापूर्वी हे आरोग्य केंद्र म्हणजे काय आणि ते आपल्या दारी आले कसे, हे थोडक्यात पाहू.

आपल्या आजा-पणजांच्या काळी सरकारचा आरोग्याशी संबंध येई तो साथीच्या वेळी. सन १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा ताप म्हणजे प्लेग निघाला. लक्षावधी माणसे मुंबई सोडून आपापल्या गावी निघाली. पुढच्याच वर्षी साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्याच सुमारास हाफकिन या शास्त्रज्ञांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. ज्या संस्थेला आज त्यांचे नाव आहे ती परळची संस्था पुढे सर्पदंशावरील आणि विंचूदंशावरील औषधांसाठी आपल्या कोकणाला फार उपकारक झाली. देवी टोचणारा मनुष्य गावात आला की बायका मुलांना माळ्यावर लपवीत, असे आमची आजी सांगत असे. त्याच देवीचा रोग आपल्या देशातून १९७५ साली हटला आणि १९८० साली साऱ्या जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. ज्यांच्या दंडावर देवीचे वण आहेत असे आमच्या वयाचे लोक या सभेत पुष्कळ असतील. त्यांच्या नातवंडांच्या दंडावर तो वण नाही. आरोग्य खात्याच्या कामाची याहून बोलकी साक्ष दुसरी कोणती असणार?

गावोगाव कायमचे आरोग्य केंद्र असावे, आणि त्याने औषध देण्याबरोबर रोग होऊच नये याचीही काळजी घ्यावी, ही कल्पना १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने देशापुढे ठेवली. १९५२ पासून समूह विकास योजनेबरोबर अशी केंद्रे निघू लागली. १९५३ साली हिवतापाविरुद्ध देशव्यापी मोहीम सुरू झाली. फवारणीवाले येत, घरातील सामान अंगणात काढले जाई, आणि भिंतींवर डी.डी.टी.चे पांढरे ओघळ उमटत. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि ग्रामीण आरोग्याचा मोठा भार त्यांच्याकडे आला. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा होता. रायगड हे नाव त्यास १९८१ साली मिळाले.

आज या कामाची उतरंड अशी आहे. जिल्हा परिषदेत जिल्हा आरोग्य अधिकारी, तालुक्यास तालुका आरोग्य अधिकारी, त्याखाली प्राथमिक आरोग्य केंद्र आणि केंद्राखाली उपकेंद्रे. अलिबागचे जिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत निराळे आहे. सपाट प्रदेशात तीस हजार लोकांस आणि डोंगराळ वा आदिवासी भागात वीस हजार लोकांस एक केंद्र, तसेच अनुक्रमे पाच हजार व तीन हजार लोकांस एक उपकेंद्र, असे प्रमाण ठरलेले आहे. उपकेंद्रात आरोग्यसेविका असते. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावातीलच एक स्त्री 'आशा' म्हणून नेमण्याची पद्धत घातली. साधारण हजार वस्तीस एक आशा.

ही झाली कागदावरची रचना. प्रत्यक्ष काम पाहावयाचे असेल तर गावच्या विहिरीपाशी उभे राहावे. पावसाळा सुरू झाला की डोंगरावरचा सगळा गाळ विहिरीत येतो. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल पावडर टाकतो. आपली मंडळी नाक मुरडतात आणि म्हणतात, पाण्याला वास येतो. तो वास आहे म्हणूनच त्या पाण्याने घरात जुलाब-वांत्या शिरत नाहीत, हे आपल्या ध्यानात येत नाही. त्या पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत जातात. पाण्याच्या स्रोतांची स्थिती पाहून ग्रामपंचायतीस लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या ग्रामपंचायतीचे कार्ड कोणत्या रंगाचे, हे या सभेतील किती जणांस सांगता येईल? गावच्या जत्रेचा खर्च मात्र आपणांस रुपयापैशासह तोंडपाठ असतो.

तसेच लसीकरणाचे. लस २ ते ८ अंश सेल्सिअस एवढ्या थंडाव्यात ठेवावी लागते. हा थंडावा कारखान्यापासून बाळाच्या दंडापर्यंत तुटता कामा नये. आरोग्यसेविका खांद्याला बर्फाची पेटी अडकवून वाडीवर येते ती या कारणाने. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला प्रदेश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र जागतिक आरोग्य संघटनेने दिले. हे यश अशा पेट्या वाहणाऱ्या खांद्यांचे आहे.

या कामाचा एक मोठा दोष आहे, तो म्हणजे ते दिसत नाही. शल्यविशारदाने शस्त्रक्रिया केली तर वाचलेला मनुष्य पेढे घेऊन जातो. जो पटकी झालाच नाही त्याचे पेढे कोण कोणास देणार? साथ आली तर खाते झोपले होते असे आपण म्हणतो, आणि न आली तर खाते करते काय असे विचारतो.

आता बिरवाडीची कथा. बिरवाडी हे महाड तालुक्यातील गाव. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली मराठवाड्यातील देहेड या खेड्यातून आलेले एक तरुण डॉक्टर रुजू झाले. डॉ. हिंमतराव बावस्कर हे त्यांचे नाव आज सर्वपरिचित आहे. केंद्रात विंचूदंशाचे रुग्ण येत आणि त्यांपैकी धडधाकट मुले, कष्टकरी तरुण त्यांच्या डोळ्यांदेखत दगावत. विंचूदंशावर निश्चित असा उपाय त्या काळी नव्हता. मोठ्या शहराकडे बोट दाखवून ते मोकळे होऊ शकले असते. त्यांनी रुग्णाच्या खाटेजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम, वांती, हातपायांचा गारवा यांची वेळोवेळी नोंद ठेवण्यास आरंभ केला. साधनांत तेथे होते काय? रक्तदाब मोजण्याचे यंत्र, घड्याळ आणि वही.

त्या वहीतून जे निघाले ते असे. लाल विंचवाचे विष शरीरातील मज्जातंतूंना डिवचते आणि आपल्याच शरीरातील उत्तेजक द्रव्यांचा जणू पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हृदयावर असह्य ताण पडतो, आणि अखेरीस फुप्फुसांत पाणी साठून रुग्णाचा श्वास कोंडतो. मृत्यू येतो तो हृदयाच्या आणि फुप्फुसांच्या वाटेने. बोटाच्या वेदनेशी त्याचा संबंध थोडा. हृदयावरील संकटाची पूर्वसूचना देणारी लक्षणे कोणती, याविषयीचा त्यांचा लेख १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढे त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग करून पाहिला. रक्तदाबावरची ही साधी गोळी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. त्याविषयीचा लेख १९८६ साली त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ही गोळी येण्यापूर्वी गंभीर विंचूदंशाच्या १०० रुग्णांत २५ ते ३० दगावत. ती वेळेवर मिळू लागल्यावर हे प्रमाण १०० त एकावर आले. पुढे महाडमध्येच ७० रुग्णांवर केलेल्या अभ्यासात, प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिलस दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, असे दिसून आले. तो अभ्यास २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

या कथेतच आमच्या चुलतीच्या वाक्याचे उत्तर आहे. विंचवाने डसलेल्या बहुतेक माणसांच्या अंगात विष थोडेच जाते. त्यांना वेदना प्रचंड होतात, त्या काही तासांनी आपोआप ओसरतात, आणि श्रेय मंत्राला मिळते. भगत लबाड असतोच असे नाही. त्याने ज्यांच्यावर मंत्र घातला त्यांतील बहुतेक खरोखरच बरे झालेले असतात, म्हणून त्याचाही स्वतःवर विश्वास बसतो. ज्याच्या अंगात विष अधिक गेले त्याला पुष्कळदा वेदना त्या मानाने कमी असतात. त्याला दरदरून घाम सुटतो, वांत्या होतात, तोंडाला पाणी सुटते, हातपाय गार पडतात; पुरुष रुग्णांत जननेंद्रियास ताठरपणा येतो. घरातली मंडळी वेदना कमी झाल्या म्हणून निश्चिंत होतात, आणि नेमका तोच काळ हातचा घालविण्याचा नसतो. आमच्या भावाचा विंचू उतरला नव्हता, बंधुभगिनींनो. तो हृदयाकडे चढत होता, आणि आम्ही नारळ फोडीत होतो.

सर्पदंशाची गोष्ट थोडी निराळी असली तरी बोध तोच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांवर चालणारी प्रतिलस आहे. आवळून बांधणे, चिरा देणे, तोंडाने विष ओढणे हे सर्व अपायकारक आहे. रुग्णाला धीर द्यावा, दंशाचा अवयव हलू देऊ नये, आणि विलंब न लावता आरोग्य केंद्राची पायरी गाठावी.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. खाते म्हणजे देवता नव्हे. एका आरोग्य केंद्रात आम्ही स्वतः तापाने फणफणलेल्या शेजाऱ्यास घेऊन गेलो असता वैद्यकीय अधिकारी रजेवर, त्यांच्या जागी कोणी नाही, आणि हवे ते औषध संपलेले, असा अनुभव आम्हांस आला आहे. रिकाम्या जागा, गळकी छपरे, नादुरुस्त गाड्या, या तक्रारी खऱ्या आहेत. परंतु विचार करावा की त्या तक्रारी कोणाच्या तोंडी असतात? गरीब कातकरी बाई तक्रार करीत नाही; ती दुपारपर्यंत ओट्यावर बसून राहते. ज्यांचे बोलणे ऐकले जाईल असे आपण लोक त्या ओट्यावर जातच नाही. गाडी काढून थेट शहर गाठतो आणि 'सरकारी दवाखान्यात कोण जातो?' असे अभिमानाने सांगतो. ज्या केंद्राची पायरी गावातील शिकलेली, बोलकी माणसे चढत नाहीत, तेथील रिकामी खुर्ची कोणाच्या डोळ्यांत सलणार? शाळेचे मास्तर आठ दिवस आले नाहीत तर आपण सभापतींकडे जातो. डॉक्टर आठ महिने नसले तरी आपणांस कळतसुद्धा नाही. या उणिवेत आपलाही वाटा आहे.

आणि संकटाच्या दिवशी हेच केंद्र आपणांस आठवते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरुड, अलिबागच्या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली, अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. कोरोनाची साथ त्याच वेळी चालू होती. पुढच्याच वर्षी २२ जुलैच्या सुमारास सावित्रीच्या पुराने महाड बुडाले आणि तळियेवर दरड कोसळली. अशा वेळी मुंबईचे मोठे रुग्णालय कितीही चांगले असो, रस्ता बंद असतो. पुराच्या चिखलात अनवाणी वावरल्याने लेप्टोचा ताप होतो. त्याच्या प्रतिबंधक गोळ्या, पाण्यात टाकण्याचे औषध, जखमेवरची पट्टी हे सारे चालत येऊ शकेल अशा अंतरावरूनच येते. आपली आशाताई स्वतःच्या घरावरचे पत्रे उडालेले असताना दुसऱ्याच्या घरी गोळ्या वाटीत होती, हे दृश्य आम्ही आमच्या वाडीत पाहिले. तिला आपण बसावयास खुर्ची तरी देतो काय, हे प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे.

म्हणून मंडळापुढे तीन सूचना ठेवण्याची परवानगी असावी.

पहिली सूचना बिनखर्चाची आहे. ज्या ज्या गावी वाडीत आपली घरे आहेत तेथे ठळक अक्षरांचा एक कागद सर्वांना दिसेल अशा जागी लावावा. आपले आरोग्य केंद्र कोणते, तेथे रात्री कोण असते, आशाताईंचे घर कोठे, अपरात्री गाडी कोणाकडे मिळेल, खाडी ओलांडावी लागत असेल तर होडी कोणाची, हे त्यावर असावे. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविता येते. तो क्रमांकही लिहावा. प्रत्येक वाडीतील दोन तरुणांनी हा कागद खरा ठेवण्याचे, म्हणजे बदल होईल तसा दुरुस्त करण्याचे, काम अंगावर घ्यावे.

दुसरी सूचना निधीविषयी आहे. वैद्यकीय साहाय्य निधीचा चतुर्थांश भाग यापुढे पहिल्या दिवसासाठी राखून ठेवावा. रात्रीच्या गाडीचे भाडे त्यातून मिळावे आणि त्यासाठी अर्ज, शिफारस, बैठक यांची वाट पाहावी लागू नये. उरलेल्या रकमेतून जवळच्या केंद्रास जे उणे असेल ते द्यावे: बाकडी, पाण्याची टाकी, रक्तदाब मोजण्याचे यंत्र. आणि त्या वस्तूवर ज्ञातीचे नाव नसावे. असे म्हणताना काही मंडळींच्या कपाळास आठ्या पडलेल्या आम्हांस दिसतात. आपला निधी परक्यांवर का खर्चावा, असा त्यांचा प्रश्न आहे. त्यास उत्तर एवढेच की विहीर एक आहे, डास एक आहेत आणि विंचवास ज्ञात कळत नाही. आपण शिष्यवृत्त्या ज्ञातीपुरत्या देऊ शकतो, वधूवरमेळावे ज्ञातीपुरते भरवू शकतो. आरोग्य ही एकच गोष्ट अशी आहे की ती ज्ञातीपुरती राखताच येत नाही. शेजारच्या वाडीतील पाणी दूषित असेल तर आपल्या वाडीतील मूल सुरक्षित नाही.

तिसरी सूचना मनुष्यबळाची. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रास रुग्ण कल्याण समिती असते आणि गावास आरोग्य, पोषण व स्वच्छतेची समिती असते. आपल्यांतील निवृत्त शिक्षक, बँकेतील मंडळी, हिशेब जाणणाऱ्या भगिनी यांनी तेथे जावे, सभांना हजर राहावे, रिकाम्या जागांविषयी अर्ज करावेत आणि उत्तर येईपर्यंत पाठ सोडू नये. तसेच मंडळाच्या शिष्यवृत्तीवर डॉक्टर झालेल्या मुलामुलींस आमचे हात जोडून सांगणे आहे. शासकीय महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर जी एक वर्षाची ग्रामीण सेवा करावयाची असते तिला शिक्षा समजून दंड भरून मोकळे होऊ नका. ते वर्ष आपल्या जिल्ह्यात काढा, आणि जाताना वही बरोबर न्या. बिरवाडीस जे घडले ते फार मोठ्या प्रयोगशाळेत घडले नव्हते.

आता एक शेवटची हकिगत सांगून आम्ही आपली रजा घेतो.

ज्या पडवीत १९६८ साली आमच्या भावाला विंचू डसला, तेथेच काही वर्षांपूर्वी आमच्या पुतणीच्या मुलाला डसला. वय वर्षे अकरा. महिनाही वैशाखाचाच. घरात म्हातारी माणसे होती, आणि भगताच्या नातवाला बोलवावे असा विचार एकाने बोलूनही दाखविला. परंतु मुलाच्या कपाळावर घाम दिसताच पुतणीने शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर त्याला मध्ये धरून बसविले आणि अर्ध्या तासात आरोग्य केंद्र गाठले. आता खाडीवर पूल आहे. भरती-ओहोटीची वाट पाहावी लागत नाही. तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनी मुलाचे हात चाचपून पाहिले, रक्तदाब मोजला, गोळी दिली. रात्रभर त्या आणि परिचारिका आळीपाळीने त्याच्याजवळ येऊन नोंद करीत होत्या. तिसऱ्या दिवशी मुलगा घरी आला आणि त्याच दुपारी लाकडांच्या राशीपाशी खेळावयास गेला म्हणून त्याने आईचा मारही खाल्ला.

आम्ही त्या सायंकाळी पडवीत बराच वेळ बसलो होतो. दोन मुले, एकच घर, एकच विंचू. दोघांमध्ये अंतर होते ते एका पुलाचे, एका गोळीचे, आणि आरोग्य केंद्राची पायरी वेळेवर चढणाऱ्या एका आईचे. पूल सरकारने बांधला, गोळीचा उपयोग बिरवाडी-महाडच्या डॉक्टरांनी शोधला. पायरी मात्र आपली आपणच चढावयाची आहे.

 आपणां सर्वांस, आणि आपल्या शेजारच्या प्रत्येक वाडीस, आरोग्य लाभो, ही कुलस्वामिनीच्या चरणी प्रार्थना करून आम्ही आपले भाषण पुरे करतो.